अण्णामामांचं अपुरं वाक्य

गोपाळनं फाटकाबाहेर स्कूटर लावली आणि आत न येता तसाच उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. मी विद्यानगरच्या आमच्या घरी पायरीवर बसून डाळ निवडत होते. "ताई, अण्णा गेले," तो म्हणाला, "पहाटे, झोपेतच." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सुटले." म्हातारं माणूस गेलं की आपण म्हणतोच तसं... पण गोपाळ माझ्याकडे बघतच राहिला. कारण त्याचे वडील, म्हणजे माझे अण्णामामा, काही अंथरुणाला खिळलेले नव्हते. दात शाबूत, डोळे शाबूत, आदल्या आठवड्यापर्यंत अंबरपेठच्या बाजारातून पिशवी भरून भाजी आणत होते. मग सुटले ते कशातून? गोपाळनं विचारलं नाही आणि मीही त्या वेळी बोलले नाही. आज बोलायला बसले आहे.

अण्णामामांना इथली मराठी माणसं दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक, निजामाच्या अमदानीत त्यांनी एका मराठी साप्ताहिकाच्या संपादकाला कोर्टातून सोडवून आणलं. दुसरी, या उर्दू-तेलुगूच्या शहरात ते आयुष्यभर फक्त मराठी बोलले. शोकसभेत याच दोन गोष्टींवर भाषणं झाली. आमच्या मंडळाचे चिटणीस म्हणाले, "अण्णासाहेबांनी परक्या भाषेला जिभेवर पाय ठेवू दिला नाही." टाळ्या! शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेसुद्धा लोकांना सुचलं नाही. मग त्यांच्या नावानं शाळकरी मुलांसाठी मराठी वक्तृत्व स्पर्धा जाहीर झाली. ते ऐकताना मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी उठून म्हणाले, "अण्णामामांच्या मराठीचं कारण वेगळं होतं, ते मी सांगते." चिटणीस लगबगीनं माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, आज नको. आणि स्मरणिकेतही नको बरं का. लोक बिथरतील." हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं, भर कोर्टात, आणि तेही अण्णामामांच्याच तोंडून. म्हणून हा लेख स्मरणिकेत नाही, इथे आहे.

मी जिल्ह्याच्या गावाहून शिकायला मामांकडे आले तेव्हा ते चाळिशीच्या आतबाहेर होते. घर अंबरपेठेत, पुढे ओटा, मागे परसू, आणि परसात जामाचं झाड. तुम्ही महाराष्ट्रातले लोक पेरू म्हणता, आम्ही जाम. कोर्टाची भाषा उर्दू, म्हणून मामांचीही उर्दू. पण नुसती कोर्टापुरती नव्हे. मामा रागवायचे उर्दूत, थट्टा करायचे उर्दूत, मामींना लाडीगोडी लावायची असली की तीही उर्दूत. मामी लटक्या रागानं म्हणायच्या, "मुलगी मोठी झालीय घरात, जरा मराठीत बोला, म्हणजे तुम्हाला काही सुचणार नाही!" केस उभी करायची त्यांची एक रीत होती. कागद बाजूला ठेवून ते सकाळी परसात जायचे आणि जामाच्या झाडाभोवती चालत चालत आख्खं भाषण मोठ्यानं म्हणून बघायचे. वाक्य मनासारखं उतरलं की झाडाच्या बुंध्यावर थाप. नाही उतरलं की पुन्हा एक फेरी. स्वयंपाकघराची खिडकी परसाकडे, त्यामुळे मामींच्या पोळ्या आणि मामांचं भाषण बरोबरच चालायचं. मामी कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण खिडकीतून त्यांनी जेवढी वकिली ऐकली तेवढी कॉलेजात शिकवत नसतील.

सिद्दीकसाहेब या घरात रोजचे. त्यांचं स्वतःचं छोटं उर्दू साप्ताहिक होतं, छापखानाही स्वतःचा. उंच, सडपातळ, शेरवानीच्या वरच्या गुंडीपर्यंत बंद. गृहस्थ मोठा फुशारकीचा हो! आपल्याइतकी साफ उर्दू शहरात कुणाची नाही यावर त्यांचा ठाम विश्वास. दरबारात काही समारंभ झाला की त्याचं गोड वर्णनही छापायचे, मामा त्यावरून त्यांना टोचायचे. ते उलट मामांच्या उच्चारांवर घसरायचे. "वकीलसाहब, आपका काफ बाजार का है," हे त्यांचं ठरलेलं. काफ म्हणजे घशातून काढायचा तो क. मामांचा तो कधी घशातून निघायचाच नाही. मग दोघं ओट्यावर बसून काफ, काफ करत घसा खरवडायचे आणि गल्लीतली पोरं हसायची. त्यांचा चहाचा कप आमच्याकडे वेगळा होता, खिडकीत पालथा घालून ठेवलेला. त्यांना ते माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आता लिहिताना वाटतं.

मग ते वर्ष आलं. देश स्वतंत्र झाला आणि आम्ही तसेच अधांतरी. राज्याच्या सीमा आवळल्या, मालगाड्या थांबल्या, उद्या लढाई जुंपणार की परवा एवढंच लोक बोलायचे, आणि तेही दार लावून. कारण राज्य संकटात आहे म्हणून नवा कायदा आला होता: ज्या मजकुरानं जनतेत भीती पसरेल तो छापणं गुन्हा. आमच्या नात्यातलेच एक मास्तर मराठी साप्ताहिक चालवायचे. त्यांनी छापलं की अमुक तालुक्यात सरकारी दुकानात धान्य पोचलेलं नाही, लोक पाला उकडून खात आहेत. झालं, मास्तरांना धरून नेलं. खटला अण्णामामांनी घेतला.

त्या भाषणाची उर्दू सिद्दीकसाहेबांनी घासूनपुसून दिली. मी स्वतः पाहिलंय ना. सकाळी मामा झाडाभोवती, सिद्दीकसाहेब बाजेवर, आणि मध्ये मामींचा चहा. मामांनी लांबलचक काहीतरी म्हणून दाखवलं की सिद्दीकसाहेब हात झाडायचे. "ये तकरीर है या बारात? छोटा कीजिए, छोटा." भाषण कापत कापत शेवटी दोन वाक्यं उरली. मामांनी बुंध्यावर अशी थाप मारली की वरून दोन कच्चे जाम पडले. कोर्टात मामा तीच दोन वाक्यं बोलले: "जनाब, खबर झूठी है तो गल्ला दिखा दीजिए. और सच्ची है, तो मुलजिम कोई और है." गल्ला म्हणजे धान्य. बातमी खोटी असेल तर धान्य दाखवा, आणि खरी असेल तर आरोपी दुसराच कुणीतरी आहे. सरकारी वकील उठून म्हणाले की कायदा बातमी खरी की खोटी ते विचारत नाही, कायदा विचारतो लोक बिथरले की नाही. पण मॅजिस्ट्रेट म्हातारे होते, भल्या घरचे होते, आणि बहुधा त्यांच्याही घरात धान्य संपलं असावं. मास्तर सुटले.

काय त्या दिवसाचं कौतुक! पुढे कित्येक दिवस मामा जेवताना त्या सरकारी वकिलाची नक्कल करायचे. पोट पुढे काढून, नाकात बोलून, "कानून ये नहीं पूछता कि खबर सच्ची है या झूठी..." आम्ही हसून हसून लोळायचो. मामी पोळी वाढता वाढता म्हणायच्या, "पुरे करा, ठसका लागेल." पण त्याच दिवसांत गावाकडून वाईट बातमी आली. हत्यारबंद टोळीनं आमच्या आजोळचं घर जाळलं, मामांचे थोरले भाऊ अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले. मामांनी सिद्दीकसाहेबांना सांगितलं, हे छापा. सिद्दीकसाहेब म्हणाले, "छापूँ तो कल छापाखाना नहीं रहेगा." नाही छापलं त्यांनी. पण दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. शेरवानी, टोपी, हातात पेपर. अंधार पडेपर्यंत वाचत असल्याचं दाखवायचे. रस्त्यानं कुणी तिरपं बघत गेलं की त्याला नाव घेऊन हाक मारायचे, "कौन, रहीम? घर में सब खैरियत?" आमच्या घराला धक्का लागला नाही तो कशामुळे, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. तरी न छापल्याची अढी मनात राहिलीच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात असतात, त्याला काय करणार?

पोलीस कारवाई झाली, फौज आली, आणि आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही वाटले, खोटं कशाला सांगू. वर्षभर श्वास कोंडलेला होता तो सुटला. नव्या राजवटीला सरकारी वकील हवे होते. मराठी, स्वच्छ, आणि जुन्या सरकारशी भांडलेला माणूस म्हणून अण्णामामांचं नाव आपोआप पुढे आलं. मामींनी ओवाळलं. मी तेव्हा वकील व्हायचं म्हणत होते, मामांनाही त्याची हौस. "चल सुमे, एक दिवस मामाला बघायला कोर्टात चल," म्हणायचे. जुने कायदे बरेचसे तसेच चालू होते. तो भीती पसरवण्याचा कायदाही होता, फक्त त्यावरची सही बदलली. आम्हाला वाटलं, आता त्याची काय भीती, आता राज्य आपलं आहे.

सिद्दीकसाहेबांच्या साप्ताहिकात एक बातमी आली. फौज आल्यानंतरच्या धामधुमीत अमुक गावांतले कर्ते पुरुष घरातून नेले ते परत आलेले नाहीत, त्यांच्या बायका दारात बसून आहेत, ते कुठे आहेत हे कुणीतरी सांगावं. एवढीच बातमी, एकही शिवी नाही, विशेषण नाही. छापखान्याला कुलूप लागलं आणि सिद्दीकसाहेब आत गेले. शहरातला एकही वकील त्यांच्या बाजूनं उभा राहायला तयार होईना. हिंदू वकील म्हणाले, नक्को बाबा. मुसलमान वकील तर आपापल्या घरात गपगार बसले होते. आणि सरकारच्या बाजूनं कागद आले ते अण्णामामांच्या टेबलावर.

परत पाठवता आले असते. मामींनी तसं म्हटलंही. मामा कोटाची बटणं लावत म्हणाले, "सरकारी वकिलाला मित्र नसतो." मी म्हणाले, "मामा, ते आपल्या ओट्यावर बसत होते." तेव्हा ते एकदम उसळले. "आणि दादाचं घर जळालं तेव्हा? तेव्हा कुठे गेली होती ह्यांची बातमी?" त्या दिवशी सकाळी ते झाडाभोवती फिरले नाहीत. भाषण म्हणून न बघता कोर्टात जाण्याची ती त्यांची पहिलीच वेळ असावी. मी बरोबर होते. नेमका तोच दिवस निघाला मामाला कोर्टात बघण्याचा.

मी मागच्या बाकावर बसले. मॅजिस्ट्रेट नवे होते. सिद्दीकसाहेब कठड्यात उभे, शेरवानी चुरगळलेली, पण वरची गुंडी लावलेली. वकील कोण, असं विचारल्यावर ते म्हणाले, "मेरा वकील मसरूफ है." म्हणजे माझा वकील कामात आहे. कुणी हसलं नाही. मग तुम्हीच बोला, असं सांगितल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि मामांकडे न बघता शांतपणे म्हणाले, "जनाब, खबर झूठी है तो आदमी दिखा दीजिए. और सच्ची है, तो मुलजिम कोई और है."

बाई गं... माझ्या अंगावर काटा आला तो लिहितानाही येतो आहे. तीच ती दोन वाक्यं, आमच्या परसातली. त्यांनी एकच शब्द बदलला होता. धान्याच्या जागी माणूस.

मला वाटलं, मामा उठणार नाहीत. पाणी मागतील, काहीतरी होईल. मामा उठले. टेबलाला बोटं टेकवून, खालच्या मानेनं, पण स्पष्ट शब्दांत म्हणाले, "जनाब, कानून ये नहीं पूछता कि खबर सच्ची है या झूठी. कानून ये पूछता है कि लोग भड़के या नहीं." लोक बिथरले की नाही, एवढंच. ज्या वाक्याची नक्कल करून त्यांनी आम्हाला जेवताना हसवलं होतं, ते वाक्य. नाकात नव्हे, पोट पुढे काढून नव्हे, स्वतःच्या आवाजात. आणि ते खरंच वाटत होतं, हेच वाईट. मॅजिस्ट्रेटनी मान डोलावली. काही महिन्यांची कैद आणि छापखाना जप्त. शिपाई कठड्याचं दार उघडत होता तेव्हा सिद्दीकसाहेबांनी पहिल्यांदा मामांकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. नेहमीसारखंच, थट्टेच्या सुरात म्हणाले, "वकीलसाहब, आज आपका काफ दुरुस्त निकला."

ते मामांच्या कानांवर पडलेलं सिद्दीकसाहेबांचं शेवटचं वाक्य. आणि कानून म्हणताना मामांचा क खरोखरच घशातून आला होता, तो मीही ऐकला.

मी वकील झाले नाही. मराठीची मास्तरीण झाले. मामांनी कारण विचारलं नाही. त्या संध्याकाळी घरी येताना त्यांनी टांगेवाल्याला पैसे दिले आणि मराठीत म्हणाले, "घे बाबा." मला काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याशी मराठी. मग धोब्याशी, मग कोर्टातल्या कारकुनांशी. काही दिवसांतच लक्षात आलं की या माणसाच्या तोंडून उर्दू गेली. रागवायची गेली, थट्टेची गेली, मामींच्या लाडीगोडीची तर गेलीच. मराठीत त्यांना लाडीगोडी येतच नव्हती हो. घर एकदम मुकं झालं. कोर्टात हळूहळू इंग्रजी येतच होती, त्यामुळे तिथे कुणाला वावगं वाटलं नाही. बाजारात मात्र रोज तमाशा. मामा भेंडीकडे बोट दाखवून म्हणणार, "ही कशी दिली?" भाजीवाली म्हणणार, "क्या होना साब?" मामा पुन्हा तेच, जरा मोठ्यानं. मग मागून मामी, "अगे, पाव किलो भेंडी होना बोल रे उनो, कित्ते में देती?" असं घासाघीस करून प्रकरण मिटवणार. जिला कधी बाजारात तोंड उघडावं लागलं नव्हतं, ती बाई नवऱ्याची जीभ होऊन बसली.

आणि आमच्या लोकांनी याचा अर्थ काय लावला? तर भाषाभिमान! दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसांनी लावला नसता. आम्ही इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेले, घरात मराठी आणि दारात उर्दू, आणि मनात सदा धाकधूक की आपली मराठी पातळ झाली. त्यामुळे कुणी उर्दू सोडली म्हटल्यावर आम्हाला तो संतच वाटला. मंडळानं त्यांचा सत्कार केला, शाल, नारळ, मानपत्र, सगळं. मामा उत्तराला उठले आणि म्हणाले, "मी मराठीसाठी काहीही केलेलं नाही. मी एका माणसाशी फार वाईट वागलो." पुढे काही बोलणार होते, पण सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. काय ही नम्रता! शेजारच्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "मोठी माणसं अशीच असतात." मामा टाळ्या थांबायची वाट बघत उभे राहिले. थांबल्या तेव्हा खाली बसले. शरम म्हणजे काय ते त्या दिवशी मी मामांच्या मानेवर पाहिलं. मान वर येईना त्यांची.

सिद्दीकसाहेब सुटले, पण छापखाना काही परत मिळाला नाही. आबिड्सला, पोस्टाच्या समोर, एका पुस्तकांच्या दुकानात ते मुद्रितं तपासायला बसायचे. हे मामांना कसं कळलं देव जाणे. दर शनिवारी मामा आबिड्सला जायला लागले. पोस्टात जाऊन पाकिटं, अंतर्देशीय, कार्डं घ्यायची, पोस्टाच्या पायरीवर उभं राहून समोर बघायचं, आणि परत यायचं. घरात पाकिटांचा ढीग झाला. मामी म्हणायच्या, "एवढी पत्रं लिहिणार तरी कुणाला? सगळे नातेवाईक तर अंबरपेठेत!" एका शनिवारी मी बरोबर होते. पायरीवर त्यांनी माझं मनगट धरलं. "सुमे, तू जा. विचार, मी आलो तर माझ्याशी बोलतील का?"

मी रस्ता ओलांडून गेले. सिद्दीकसाहेबांनी मला ओळखलं. बसायला स्टूल दिलं, मामी कशा आहेत विचारलं, गोपाळ आता काय करतो विचारलं. मग मी माझ्या मोडक्यातोडक्या उर्दूत मामांचं विचारलं. त्यांनी काचेतून समोरच्या पायरीकडे बघितलं. मामा उभे होते, हातात पाकिटं, छत्री काखेत. सिद्दीकसाहेब म्हणाले, "सुना है, उर्दू छोड़ दी?" मी मान हलवली. ते म्हणाले, "उनसे कहिए, उर्दू में आएँ."

मी निरोप सांगितला. मामांनी तो एकदाच ऐकला. मराठीत माफी मागायची त्यांची तयारी होती, मला वाटतं शब्दसुद्धा जुळवून आणले असतील. पण ज्या भाषेत केलं त्या भाषेत बोलायचं म्हणजे... "चल," म्हणाले. रिक्षा केली नाही. आबिड्स ते अंबरपेठ आम्ही चालत आलो. पुन्हा ते आबिड्सला गेले नाहीत.

पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी परसात जायला लागले. वकिली कधीच सोडली होती, तरी झाडाभोवती फेऱ्या, ओठांत पुटपुट. पाहुणे विचारायचे, "अण्णासाहेब काय करतात?" मामी म्हणायच्या, "जप." पुढे नातवंडांनाही ताकीद, आजोबांचा जप चाललाय, तिकडे जाऊ नका. त्याच सुमाराला मामींच्या पहिल्या पोळीची घरात थट्टा सुरू झाली. सुगरण बाई, पण सकाळची पहिली पोळी हटकून करपायची. गोपाळ म्हणायचा, "आईचा तवाच शापित आहे." मामी हसायच्या आणि ती पोळी स्वतःच्या पानात घ्यायच्या.

तो जप मी एकदा ऐकला. वाळत घातलेल्या साड्यांच्या मागे जाम वेचत होते, मामांना मी दिसले नाही. ते उर्दू बोलत होते. इतक्या वर्षांनी, स्वच्छ, हळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं: "सिद्दीकसाहब, खबर सच्ची थी. मुलजिम..." आणि थांबले. बुंध्याजवळच्या एका ठरावीक जागी थांबले, मान हलवली, वळले, पुन्हा पहिल्यापासून. "सिद्दीकसाहब, खबर सच्ची थी. मुलजिम..." पुन्हा तिथेच. उरला होता एवढासा शब्द. मी साड्यांमागे उभी राहून मनात म्हणत होते, म्हणा हो मामा, म्हणून टाका एकदाचं. बुंध्यावर थाप पडली नाही.

शेवटच्या भेटीत, ते जाण्याच्या थोडे दिवस आधी, मी धीर करून म्हणाले, "मामा, मी ऐकलंय तुमचं परसातलं. मी जाऊन सांगू का त्यांना?" ते दचकले नाहीत. म्हणाले, "ज्याचा कबुलीजबाब त्यानंच द्यायचा असतो, सुमे. दुसऱ्यानं दिला तर कोर्ट धरत नाही." आणि मला चार जाम पिशवीत घालून दिले.

तेरावं झाल्यावर मी आबिड्सला गेले. म्हातारी झाले तरी मला राहवलं नाही. सिद्दीकसाहेब त्याच दुकानात, त्याच कोपऱ्यात, चष्मा जाड झालेला, गुंडी अजून लावलेली. मी बातमी सांगितली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मयतासाठी काहीतरी पुटपुटले. मग मी परसातलं सांगितलं. रोज सकाळी म्हणायचे, उर्दूत म्हणायचे, असं म्हणायचे. ते ऐकत राहिले. "हमसे तो नहीं बोले," म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "जुमला पूरा करते थे?" म्हणजे, वाक्य पुरं करायचे का? मी नाही म्हणाले. खोटं सांगता आलं असतं, पण त्या माणसासमोर खोटं बोलायला आमच्या घराण्यात आता कुणाला तोंड उरलेलं नाही. सिद्दीकसाहेबांनी पेन्सिल उचलली. "वकील अच्छे थे," म्हणाले, आणि मुद्रितावर वाकले. मी बराच वेळ बसले होते. त्यांनी परत वर बघितलं नाही.

काल सकाळी मामींकडे गेले होते. परसात झाडाभोवती अजून ती पायवाट आहे, गवत उगवत नाही अशी. बुंध्याजवळ, जिथे ते थांबायचे, तिथे माती थोडी जास्त खोल आहे. मी तिथे उभी राहिले. खिडकीतून मामी म्हणाल्या, "आत ये. जप करायचे ना, तीच जागा." मी आत गेले आणि पाटावर बसले. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "तुला काय वाटलं, मला उर्दू कळत नाही? एवढी वर्षं भाजीवालीशी कोण बोलत होतं गं? जप म्हणून मीच सांगितलं सगळ्यांना. नाहीतर सांगू काय?"

मामी सांगत होत्या, आवाज अगदी रोजचा, "पहिली पोळी तव्यावर टाकायची आणि ते त्या जागेपाशी यायचे. वाटायचं, आज म्हणतील. कान तिकडेच. आज म्हणतील, आज म्हणतील... तोवर इकडे धूर."

त्यांनी तव्यावरची पोळी उलटली, फुगली तशी उतरवली, तूप लावलं आणि माझ्या ताटात ठेवली. "खा, पहिलीच आहे," मामी म्हणाल्या. "आता करपत नाही."